भरमाप्पाचे शहाण्णव दिवस

ग्रामसेवकाने अर्ज वाचला, त्याची घडी घातली आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवून दिला.

"बरं. जावा आता. काम निघालं की कळवतो."

चन्नम्मा हलली नाही. तिच्या मागं आणखी चार बायका उभ्या होत्या. सगळ्यांच्या डोक्यांवर पदर, पायांत तुटक्या चपला. बाहेर धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं आणि ऑफिसच्या फरशीचा गारठा तळव्यांतून वर चढत होता.

"पोच द्या की," चन्नम्मा म्हणाली.

"कसली पोच?"

"अर्ज दिल्याची. तारीख घालून."

सयाजी ग्रामसेवक हसला. तीन गावं सांभाळणारा माणूस, मोबाइल दोन. "कुणी शिकवलं हे, चन्नक्का?"

"माझ्या पोरीनं. कायद्यात लिवलंय म्हनं. अर्ज दिल्यापास्नं पंधरा दिसांत काम द्यायचं. न्हाय दिलं तर भत्ता द्यायचा."

"कायदा दिल्लीत झाला. तळेहाळात सही सरपंचांची लागते. दादांच्या घरी जावा."

तळेहाळात दरवर्षी या दिवसांत बायकांना दम खायला सवड नसायची. ऊसतोड, मोळ्या बांधणं, भांगलण. यंदा शिवारात ऊस तोडायचं यंत्र आलं होतं. हत्तीएवढं यंत्र एका दिवसात चार एकर साफ करून पुढच्या फडात शिरायचं, आणि बायका बांधावर कोयते घेऊन बघत राहायच्या. भांगलण तणनाशकानं आधीच संपवली होती. चन्नम्माच्या घरात कमावणारी ती एकटी. नवरा भरमाप्पा चार वर्षांपूर्वी ट्रॉली भरताना डोक्यावरच्या मोळीसकट फळीवरून पडला होता. तेव्हापासून त्याच्या कमरेखाली जोर नव्हता. अंथरुणाला पाठ टेकून तो घायपाताचे दोर वळायचा. मुलगी विद्याश्री एस.टी.नं गडहिंग्लजच्या कॉलेजात जायची. रोजगार हमीचा अर्ज तिनंच वहीचं पान फाडून लिहून दिला होता.

बाकीच्या बायका घरी गेल्या. चन्नम्मा एकटीच दादांच्या, म्हणजे विजयसिंहांच्या घरी आली.

दारावर पाटी होती: सौ. पूर्णिमा विजयसिंह तळेहाळकर, सरपंच. जागा बाईसाठी राखीव निघाली, म्हणून पाटीवर पूर्णिमाचं नाव. पण गावात सरपंच म्हटलं की विजयसिंहच. ते सोप्यात खुर्चीवर बसले होते. समोर चहा पिणारी तीन-चार माणसं.

"काय गं?"

"काम मागाय आलते, दादा. अर्जाची पोच पायजे."

विजयसिंहांनी बशीतला चहा संपवला. "काम पायजे व्हय? मग असं कर. गडी आला न्हाय आज. गोठ्यातलं शेण तेवढं भरून टाक. तवर बघतो तुझं."

बसलेल्यांपैकी एक जण हसला. चन्नम्मा पदर खोचून वळली. मग गोठ्यात गेली. सात म्हशी होत्या. तिनं हातानं शेण गोळा केलं, पाट्या भरल्या, उकिरड्यावर नेऊन टाकल्या. मूत वाहून जायची मोरी तुंबली होती, ती काडीनं मोकळी केली. का करतो आपण हे, असं तिच्या मनात येत होतं आणि हात चालूच होते. कोपरापर्यंत माखलेले हात घेऊन ती परत सोप्यापुढं आली तेव्हा चहाची माणसं बदलली होती.

"झालं?" विजयसिंह म्हणाले. "पोच घेऊन काय करतीस? कायदा घराला शंभर दिवस देतो. तुझ्या घराचं शहाण्णव झाल्यात. चारच उरल्यात."

"मी एक दिवस सुदिक कामाला गेल्याली न्हाय."

"तुझ्या घरातलं कोण गेलं असंल की." या वेळी सगळेच हसले.

आतल्या दारातून पूर्णिमा बाहेर आली. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली मुलगी, तिशीतली, अंगावर घरची साडी. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. काही न बोलता तिनं चन्नम्माच्या हातांवर पाणी ओतलं. शेण सुटून फरशीवर ओघळलं.

"गडी हाय तिला पाणी द्यायला," विजयसिंह म्हणाले.

"गडी आज आला न्हाय," पूर्णिमा म्हणाली आणि आत गेली.

घरी परतताना चन्नम्मा शेतांकडं जाणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी थांबली. पाणंदीत जेसीबी काम करत होता. एका घासात तो एवढी माती उचलत होता की चन्नम्माला तेवढी उपसायला दुपार लागली असती. कडेला निळा फलक होता. विद्याश्रीनं शाळेत असताना शिकवलेली अक्षरं लावत लावत तिनं तो वाचला. रोजगार हमीचं काम. मजूर चौदा.

फलकाखाली चौदा नव्हे, तेरा माणसं ओळीनं उभी होती. धुतलेले कपडे, हातांत खोरी. विजयसिंहांचा पुतण्या धैर्यशील मोबाइल धरून त्यांचा फोटो काढत होता.

"मावशी," त्यानं हाक मारली, "ये की. ह्या टोकाला उभी ऱ्हा. एक कमी पडाय लागलंय."

"आनि खनायचं कुनी?"

"ते खणतंय न्हवं?" त्यानं मशीनकडं हनुवटी केली. "सकाळी एक फोटो, दुपारी एक. मधी घरी जाऊन झोप."

"मला फोटो नगो. काम पायजे."

"मग बस पोच मागत."

म्हणजे सकाळची गोष्ट तिच्या आधी इथं पोचली होती. ती चालू लागली. नाकात शेणाचा वास होता, तोंडात मशीनच्या धुराची चव.

विद्याश्री संध्याकाळी चारच्या गाडीनं आली. आईनं सांगितलेलं ऐकून तिनं दप्तर तसंच खांद्याला ठेवून मोबाइल काढला. सरकारच्या साइटवर सगळी हजेरी दिसते, असं कॉलेजात कुणीतरी तिला दाखवलं होतं. रेंज यायला ती उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. बराच वेळ तिचं बोट वरखाली होत राहिलं. मग थांबलं.

"अव्वा, आपल्या कार्डावर अप्पाचं नाव हाय."

"कसलं?"

"हजेरीला. पाणंदीच्या कामाला. तळ्यातला गाळ काढायला. जूनपास्नं. शहाण्णव दिवस."

भरमाप्पाच्या हातांत दोर होता. तो वळायचा थांबला नाही, पण पीळ उलटा बसत होता हे त्याला कळत नव्हतं.

"अवं," चन्नम्मा म्हणाली.

त्यानं दोर मांडीवर ठेवला.

"अवं, पोरगी काय म्हनालीया?"

"दादानं नेलं," भरमाप्पा म्हणाला. "गुढीपाडव्याच्या सुमाराला आलता घरला. तू तोडीला गेलतीस. म्हनाला, अपंगाचा दाखला काढून देतो. पेन्शन सुरू हुतीया म्हनाला. कार्ड द्या, पासबुक द्या, ते बँकेचं कार्ड बी द्या. नंबर बी सांगितला मी."

"आनि मला सांगितलं न्हाईसा?"

"हातात आल्यावर सांगणार हुतो." त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "चार वर्षं तुझ्या जिवावर खातोय. वाटलं, आपुन बी काय तरी घरात आणलं असं हुईल."

चन्नम्मा चुलीपुढं बसली होती. तिनं फुंकणी खाली ठेवली. "ह्या वर्षात शंभर दिस मला मिळायचं हुतं. कायद्यानं. मी लोकांच्या दारात काम काम करत फिरले. आज शेण भरलं मी त्याच्या गोठ्यातलं, फुकट. आनि तुमी तितं शहाण्णव दिस माती उपसलासा. मी हितं तुमाला बाहेरला न्यायला बगलंत धरून उचलत हुते, तवा तुमी पाणंद खनत हुतासा."

"अव्वा, बस कर," विद्याश्री म्हणाली.

"कशाला बस करू? त्यांला न्हाय बोलाय लागले मी." आणि खरंच ती नवऱ्याकडं बघत नव्हती, दाराबाहेर बघत होती. "माणूस खाटंवर पडल्याला हाय हे गावात कुणाला ठाव न्हाय? सही करणाऱ्याला ठाव न्हाय? लुळ्या माणसाच्या नावावर खनायचं काम लावताना त्यांला हसू सुदिक आलं नसंल."

भाकरी त्या संध्याकाळी कुणी पोटभर खाल्ली नाही. विद्याश्री म्हणाली, तक्रार करायची तर अप्पाचं नाव येणार, पैसे त्यांच्या खात्यातून निघालेत. नको मग, असं चन्नम्मा म्हणाली. भिंतीकडं तोंड करून पडलेल्या भरमाप्पानं तसंच पडून सांगितलं, "सव्वीस तारखंला गावसभा असती. मला तितं न्या."

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं. पोरांनी कवायत केली, सगळ्यांना कागदावर दोन-दोन जिलब्या मिळाल्या, आणि मग व्हरांड्यात ग्रामसभा बसली. मध्ये टेबल, टेबलामागं खुर्चीत पूर्णिमा. तिच्या एका बाजूला सयाजी ग्रामसेवक. दुसऱ्या बाजूला विजयसिंह. ते पंचायतीत कुणीच नव्हते, पण त्यांची खुर्ची सगळ्यांत रुंद होती.

सयाजी झालेल्या कामांची यादी वाचत असताना चार बायका प्लॅस्टिकच्या खुर्चीला चारी बाजूंनी धरून फाटकातून आत आल्या. खुर्चीत भरमाप्पा होता. अंगात लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट. चन्नम्मा मागून खोरं घेऊन चालत होती. त्यांनी खुर्ची टेबलासमोर ठेवली. यादी वाचायची थांबली.

"काय ओ भरमाप्पा," विजयसिंह म्हणाले, "घरला पाठवली असती की जिलबी."

"पाणंदीचं वाचा," भरमाप्पा सयाजीला म्हणाला. "त्यात कोण कोण कामाला हुतं, नावं वाचा."

"ते सगळं ऑनलाइन असतंय."

"पोरीनं ऑनलाइनच बघितलंय. माझं नाव हाय. शहाण्णव दिस." त्याचा आवाज बारीक होता, पण व्हरांडा शांत झाला होता. "गावाला वाटंल, भरमाप्पा काम न करता पैसा खातोय. तसं नगो. सगळ्यांम्होरं खनून दावतो. चन्ना, खोरं दे."

"बसा ओ खाली," कुणीतरी मागून म्हणालं.

चन्नम्मानं खोरं त्याच्या हातात दिलं. घरी निघताना त्यानं तिच्याकडून तसं कबूल करून घेतलं होतं. खोऱ्याच्या दांड्यावर भार देऊन तो उठला.  एक क्षण तो खरंच उभा होता, दंड ताठ, मानेच्या शिरा वर आलेल्या. मग दांडा फरशीवरून सटकला आणि तो टेबलाच्या पायाशी पडला. लुंगी भिजली. फरशीवर ओल पसरत टेबलाखाली गेली.

माणसं जागची हलली नाहीत. कुणी हसलंही नाही. चन्नम्मा वाकली, तिनं त्याच्या एका काखेत हात घातला. दुसऱ्या काखेत कुणीतरी हात घातला. तिनं बघितलं, पूर्णिमा होती. खुर्चीवरून उठून, टेबलाला वळसा घालून ती आली होती, आणि तिच्या साडीचा काठ त्या ओलीत भिजत होता.

"पूर्णिमा," विजयसिंह म्हणाले. "बस जाग्यावर."

दोघींनी भरमाप्पाला खुर्चीत ठेवलं. पूर्णिमा जागेवर गेली, पण बसली नाही.

"ग्रामसेवक, ह्या पाच जणींच्या अर्जाची पोच लिहा. आजची तारीख घाला."

"वैनीसाहेब, ते ऑफिसात—"

"हितं लिहा. आणि पाणंदीच्या कामाची चौकशी व्हावी, असा ठराव लिहा. सभा बसलीया. हात वर करा, कुणाकुणाला पायजे."

पहिला हात बायकांच्या बाजूनं वर गेला. मग हळूहळू पुरुषांमधूनही इतके हात वर झाले की विजयसिंह उठून निघून गेले. पूर्णिमानं पाच पोचांवर पाच सह्या केल्या. 

बाकीच्या चौघींना पंधरा दिवसांच्या आत काम मिळालं. चन्नम्माला मिळालं नाही. तिच्या घराचे चारच दिवस शिल्लक दिसत होते, आणि चौकशी होईपर्यंत तेही अडकले होते.

चौकशीला जिल्ह्याहून साहेब आले ते फेब्रुवारीच्या अखेरीला. पंचायतीच्या ऑफिसात बसून त्यांनी दिवसभर कागद चाळले. हजेरीपत्रकं, मोजमापं, फोटो. माणूस सरळ होता. भरमाप्पाचं म्हणणं घ्यायला घरी आला, जमिनीवर मांडी घालून बसला आणि शब्द न् शब्द लिहून घेतला. पण भरमाप्पानं विजयसिंहांचं नाव सांगितलं तेव्हा त्यानं पेन थांबवून विचारलं, "कार्ड त्यांनी नेल्याला साक्षीदार कोण?"

"घरात मी एकटाच हुतो."

"त्यांची सही कुठल्याच कागदावर नाही."

मग ऑफिसात पूर्णिमाला विचारलं. चन्नम्मा दाराशी होती, तिनं सगळं ऐकलं.

"ह्या सह्या तुमच्या?"

"होय."

"काम न बघता केल्या?"

"होय."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"ह्यांच्या."

"ह्यांच्या म्हणजे?"

पूर्णिमानं पदर सारखा केला. खिडकीबाहेर विजयसिंह दोन माणसांशी बोलत उभे होते, पाठ इकडं. ती त्या पाठीकडं बघत राहिली आणि नाव काही तिच्या तोंडातून आलं नाही. साहेबांनी वाट बघितली. मग पेन पुढच्या ओळीवर गेलं.

मार्चच्या मध्याला निकाल लागला. बोगस दिवस रद्द. सयाजी ग्रामसेवक निलंबित. सरपंचपद का काढून घेऊ नये, म्हणून पूर्णिमाला नोटीस, सुनावणी कोल्हापुरात. मजुरी भरमाप्पाच्या खात्यावर जमा झालेली, म्हणून वसुली भरमाप्पाकडून. विद्याश्रीनं कागद दोनदा वाचला.

"आनि त्यो?" चन्नम्मानं विचारलं.

"त्याचं नाव न्हाय."

"कुठंच?"

"कुठंच न्हाय, अव्वा."

विजयसिंह गावात मोकळे फिरत होते. जागा बाईचीच राहणार, या वेळी धैर्यशीलच्या बायकोला उभी करू, असं ते चहाच्या टपरीवर सांगत असल्याचं चन्नम्माच्या कानावर आलं.

दिवस रद्द झाले आणि कार्डावर पुन्हा शंभर दिसू लागले. पण वर्ष मार्चअखेर संपतं. नवा ग्रामसेवक येऊन, मागणी चढून, नाव हजेरीला लागेपर्यंत एकवीस तारीख उजाडली. कायद्यानं दिलेल्या शंभर दिवसांतले अकरा तिच्या हाती आले. बाकीचे एकोणनव्वद कुणी घेतले हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि ते परत द्यायची सोय कुठंच नव्हती.

काम फाट्याजवळच्या गायरानात झाडांसाठी खड्डे घ्यायचं. मुरूम टणक होता. टिकाव मारला की ठिणगी उडायची आणि हातांना झिणझिण्या यायच्या. तळहातांना पहिल्याच दिवशी फोड आले. तरी चन्नम्मा सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असायची.

पाचव्या दिवशी सकाळचा फोटो झाल्यावर तिनं टिकाव उचलला आणि फाट्यावर पूर्णिमा दिसली. एकटी. हातात फाइल, खांद्याला पर्स. दारात गाडी असलेली बाई एस.टी.ची वाट बघत होती.

चन्नम्मा टिकाव ठेवून तिच्याकडं गेली.

"कुठं, वैनी?"

"कोल्हापूरला. सुनावणी हाय आज."

"दादा?"

"म्हणाले, जाऊ नको. पद गेलं तर जाऊ दे, तसंही दीड वर्षच उरलंय. गाडीची किल्ली घेऊन गेले." पूर्णिमा फाइलच्या कडा सरळ करत होती. "तुम्ही भरमाप्पांना सभेत आणलं नसतं तर हे झालं नसतं, चन्नम्मा. रोज मनात येतं माझ्या."

"आमी तुमचं नाव घेतलं नव्हतं. आमी ज्याचं घेतलं, ते कागदावर उतरलं न्हाय. तुमचं उतरलं." चन्नम्माला राग आला होता, पण या बाईचा नव्हे. "सह्या केल्यासा, ते चुकलंच तुमचं. लुळ्या माणसाच्या नावाम्होरं सही केलीसा. पन ज्यानं करून घेतली त्यो घरी बसणार आनि तुमी एकट्या गुन्हेगार, हे मला पटत न्हाय."

"मी लिहून आणलंय सगळं. पण साक्षीला कोण न्हाय. गावात चार घरं फिरले. सगळे म्हणतात, दादांच्या विरोधात नको."

लांबून गाडीचा हॉर्न आला. गायरानातून एक बाई ओरडली, "चन्नक्का, दुपारच्या फोटूला नसलीस तर दिस जाईल तुझा."

चन्नम्मानं वळून बघितलं. अकरा दिवस. त्यातले चार झाले, पाचव्यातला अर्धाही नाही.

"जाऊ दे," ती ओरडून म्हणाली. "माझा टिकाव घरी द्या पोरीकडं."

गाडी थांबली. ती पूर्णिमाच्या मागोमाग चढली. पायांना लाल मुरूम तसाच लागलेला. दोघींना एका बाकावर जागा मिळाली. गडहिंग्लज येऊन गेलं, तिथं गाडी भरली, माणसं दांड्यांना धरून उभी राहिली.  संकेश्वर मागं पडल्यावर चन्नम्मानं विचारलं,

"तितं साहेब परत विचारणार, कुणी सांगितलं म्हनून. मग?"

"सांगते की."

"ह्यांनी म्हनून?"

पूर्णिमा खिडकीबाहेर बघू लागली. "लग्नात उखाण्यात घेतलं होतं नाव. तेरा वर्षं झाली. त्याच्यानंतर तोंडानं घेतलं न्हाय कधी. घरात चालत न्हाय."

"ह्यांनी म्हनलं की ते लिवून घेत न्हाईत. मी बघितलंय. 'ह्यांनी' नावाच्या माणसावर खटला हुत न्हाय. सरळ नाव घ्या."

"इथं?"

"हितं जमलं न्हाय तर तितं कसं जमंल?"

निपाणीचा उड्डाणपूल येईपर्यंत पूर्णिमाचे ओठ नुसतेच हलत होते. मग ती हळू म्हणाली, इतकं हळू की इंजिनच्या आवाजात गेलं.

"मला ऐकू आलं न्हाय," चन्नम्मा म्हणाली.

पूर्णिमानं मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी धरली.

"विजयसिंह बळवंत तळेहाळकर," ती म्हणाली. पुढच्या बाकावरच्या माणसानं मान वळवून बघितलं. तिनं पदर ओढला नाही. "विजयसिंह बळवंत तळेहाळकर. सगळ्या कागदांवर त्यानं माझ्याकडनं सह्या करून घेतल्या."